पिंडबोर्गची गाठ

मंडळी, दीड-दोन महिने इथं काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन हे खरं कारण आणि आळस हे जास्त खरं कारण. पण गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला, "मामा, एक्स-रे स्वच्छ. तुमचे पिंडबोर्गसाहेब परत आलेले नाहीत." आमच्या घरात हे नाव आता दूरच्या पाहुण्याचं असावं तसं घेतलं जातं. मी विचारलं, "मग आता लिहू का?" ती म्हणाली, "लिहा, पण माझं नाव घालू नका, आणि तुमच्या सवयीनं पाल्हाळ लावू नका." पहिली अट पाळतो. दुसरीचं जमेल असं वाटत नाही. बत्तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस आहे मी.

गोष्ट २०१७ सालची. भाची तेव्हा एक्केचाळीस वर्षांची. उजव्या बाजूला खालच्या जबड्याचं हाड मागं थोडं फुगल्यासारखं दिसत होतं. दुखत काहीच नव्हतं. त्या बाजूची एक दाढ तिला कधी आलीच नव्हती, पण न आलेल्या दाढेची चौकशी कोण करतो? पुण्यातल्या तिच्या दातांच्या डॉक्टरांनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. ती दाढ हाडात आडवी झोपलेली, तिच्या डोक्याभोवती काळसर पोकळी आणि त्या पोकळीत पांढरे ठिपके. डॉक्टरांनी बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट आला त्यात कॅन्सरचा शब्द होता. "संशय" असं पुढं लिहिलं होतं म्हणे, पण घरात संशय शब्द कुणाला दिसतो? ती प्रयोगशाळा कुठली ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. पुढं कळलं की या गाठीच्या बाबतीत अशी चूक भल्याभल्यांची होऊ शकते.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. बराच वेळ काही बोललीच नाही. मग एवढंच म्हणाली, "दादा, आईसारखंच."

आता इथं मला आईकडे जायला हवं. नात्यातल्या मंडळींना हे माहीत आहे, इतरांसाठी सांगतो.

आमचं गाव नीरेच्या काठी, लोणंदच्या बाजूचं. नदीच्या अलीकडे सातारा जिल्हा, पलीकडे पुणे जिल्हा. आई मिसरी लावायची. आमच्या गावात न लावणारी बाई शोधावी लागली असती. शहरातल्या वाचकांसाठी सांगायचं तर तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्याबरोबर बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. दात घासणं हे निमित्त. बाईमाणसाला दिवसभरात स्वतःची अशी जी दहा मिनिटं मिळायची ती ही. मिसरी लावल्याशिवाय आईचं चित्त थाऱ्यावर येत नसे. तिच्या सासूनं तिला लावली, सासूला तिच्या आईनं. भाजताना असा ठसका उठायचा की आम्ही पोरं अंगणात पळायचो.

तंबाखू बाजारातून मीच आणायचो. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

१९६६-६७ च्या सुमारास, मी मॅट्रिकच्या वर्षात असेन, आई हसली की तिच्या गालाच्या आत एक पांढरा डाग दिसायचा. चुना लागावा तसा. मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "उष्णतेचं आहे." मला पटलं. दोन-अडीच वर्षांनी तिथं जखम झाली. गावातल्या डॉक्टरांनी जांभळं औषध लावायला दिलं, तेही महिनोन्‌महिने लावलं. पुण्याला नेलं तेव्हा उशीर झालेला होता. शेक दिले. १९७० च्या दिवाळीनंतर आई गेली. पंचेचाळिशीही पुरी नव्हती. शेवटी तिला पाणीसुद्धा कापसाच्या बोळ्यानं द्यावं लागे. मी बी.ए.च्या वर्गात होतो, बहीण बारा वर्षांची. ती आईजवळ बसलेली असायची. म्हणून त्या संध्याकाळी फोनवर तिला जास्त काही बोलायची गरज नव्हती.

असो.

भाचीचा नवरा व्यवहारी माणूस. रडारड चालू असताना तो प्रयोगशाळेत गेला, काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे सही करून घेऊन आला आणि दंतमहाविद्यालयात तोंडाच्या विकृतिशास्त्राच्या एका प्राध्यापिका आहेत त्यांच्याकडे पोचवले. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: तुमच्या तुकड्याचे ठोकळे तुम्हाला मागता येतात, आणि दुसरीकडे दाखवता येतात. मला माहीत नव्हतं.) चार दिवसांनी बोलावणं आलं. मीही गेलो. म्हाताऱ्या माणसाला कोणी नको म्हणत नाही.

बाईंनी आम्हाला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. मला गुलाबी पसारा दिसला. त्या समजावत होत्या की पेशींची केंद्रकं लहानमोठी, वेडीवाकडी दिसतात, कुठं एका पेशीत दोन-दोन दिसतात, त्यामुळे पाहणाऱ्याला कॅन्सर वाटतो. पण या पेशी दुभंगून वाढत असल्याच्या खुणा जवळजवळ नाहीत. दिसायला दांडगट, वागायला गरीब, असं मी मनात भाषांतर केलं. वर्गात असली पोरं पुष्कळ पाहिली आहेत. मग त्यांनी पेशींच्या मधले फिके गोळे दाखवले आणि त्यात चुन्याची गोल गोल वलयं, कांद्याची आडवी चकती कापावी तशी. त्यानंतर दुसरी काचपट्टी लावली, लाल रंगवलेली. एक चकती फिरवली आणि लाल होतं ते हिरवं चमकायला लागलं. कोवळ्या पोपटी रंगाचं. "हे दिसलं की आम्हाला हायसं वाटतं," त्या म्हणाल्या. "हा पिंडबोर्ग ट्यूमर आहे. कॅन्सर नाही. पसरत नाही. पण हाड पोखरत वाढतो, म्हणून काढायला हवा, आणि पुढं वर्षानुवर्षं लक्ष ठेवायला हवं."

बहिणीनं त्यांच्या टेबलावरच डोकं टेकलं. मी मात्र डायरीत नाव लिहून घेतलं. शिक्षकी सवय. ज्याचं नाव आहे तो माणूस कोण, हे कळल्याशिवाय मला नाव पाठ होत नाही.

तर आता इतिहास.

आधी दाताबद्दल थोडं, कारण त्याशिवाय गाठ समजत नाही. आपल्या दातावरचं एनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. ते तयार करणारे कारागीर म्हणजे काही खास पेशी. दात हाडाच्या आत असतानाच त्या काम उरकतात आणि दात वर येता येता नाहीशा होतात. म्हणून तर किडलेलं एनॅमल पुन्हा उगवत नाही, मिस्त्री गाव सोडून गेलेला असतो. पण सगळे जात नाहीत. थोडेफार हाडात, हिरडीत मागं राहतात. १८८५ च्या सुमारास मालासे नावाच्या फ्रेंच संशोधकानं दाताच्या मुळाभोवती अशा उरलेल्या पेशींचे पुंजके दाखवले, ते आजही त्याच्या नावानं ओळखले जातात. बहुतेकांच्या जबड्यात हे पुंजके जन्मभर गप्प पडून राहतात. क्वचित एखाद्याच्या बाबतीत, का कोण जाणे, त्यांना पुन्हा कामाची आठवण होते.

अशा दंतजन्य गाठी वैद्यांना पूर्वीपासून दिसत होत्या. डब्लिनच्या क्यूसॅकनं १८२७ मध्ये जबड्याच्या एका गाठीचं वर्णन केलं आहे. मेंदूत वाचेचं केंद्र कुठं आहे ते सांगणारा पॅरिसचा ब्रोका, त्यानंही १८६० नंतरच्या दशकात दातांच्या गाठींना एक नाव देऊन त्यांची वर्गवारी करून ठेवली. (यातल्याच एका जातीत तर हाडाच्या आत चिमुकले दातच दात तयार होतात. २०१४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बुलढाण्याकडच्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून २३२ दात काढले होते, ती बातमी तुम्हाला आठवत असेल.) पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यातल्या पुष्कळशा गाठी दोन-चार ढोबळ नावांखाली एकत्र कोंबलेल्या होत्या. आमच्या शाळेच्या हजेरीपटात शेवटी "इतर" असा रकाना असायचा, तसं.

त्या "इतर"मधून एक गाठ वेगळी काढली ती कोपनहेगनच्या येन्स यॉर्गन पिंडबोर्ग यांनी, १९५५ साली. जन्म १९२१ चा, म्हणजे तेव्हा चौतिशीच्या आसपासचे. त्यांच्या आधी ती कुणी पाहिली नव्हती असं नाही. अमेरिकेतल्या थोमा आणि गोल्डमन यांनी १९४६ मध्ये अशी गाठ दुसऱ्या एका गाठीचा पोटप्रकार म्हणून नोंदवली होती. पिंडबोर्ग यांनी सांगितलं की हा पोटप्रकार नाही, ही वेगळीच आहे. न उगवलेल्या दाताजवळ असते, हळू वाढते, हिच्यात चुना साठतो, आणि पेशी भीतीदायक दिसल्या तरी रोगी मरत नाही. त्यांनी तिला नाव दिलं ते लांबलचक आणि रुक्ष: चुना धरणारी, आवरणपेशींची, दंतजन्य गाठ. स्वतःचं नाव दिलं नाही. ते १९६३ मध्ये अमेरिकेतल्या शेफर वगैरे मंडळींच्या पाठ्यपुस्तकातून रूढ झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७१ मध्ये दंतजन्य गाठींची पहिली अधिकृत यादी काढली. तिच्या कर्त्यांत स्वतः पिंडबोर्गच होते, आणि यादीत नाव आहे ते रुक्षच. मला हे आवडलं.

ही गाठ किती दुर्मिळ? १९७६ मध्ये पिंडबोर्ग यांनी फ्रँकलिन नावाच्या सहकाऱ्याबरोबर तोवर जगभर छापून आलेल्या रोग्यांचा हिशेब मांडला. एकूण ११३. २००० साली दुसऱ्या दोघांनी पुन्हा मोजले तेव्हा १८१. छापून न आलेले असतीलच, पण तरी. दंतजन्य गाठी मुळातच कमी, आणि त्यांतही शंभरात एखादी ही. खालच्या जबड्यात वरच्यापेक्षा दुपटीनं, बहुधा दाढांच्या भागात, चाळिशीच्या आगेमागे. भाची अगदी पुस्तकातली निघाली. नुसती खरवडून काढली तर पुन्हा उगवू शकते, त्या ११३ जणांच्या हिशेबात हे प्रमाण शंभराला चौदाच्या घरात निघालं होतं. म्हणून भाचीच्या वेळी सर्जननी आजूबाजूच्या थोड्या निरोगी हाडासकट गाठ आणि ती आडवी दाढ काढली. जबड्याची खालची कड शाबूत ठेवता आली, त्यामुळे चेहऱ्यात काही फरक नाही. सहा आठवडे पातळ खाणं. तिनं तेवढ्यात सात किलो वजन उतरवलं आणि वर्षात परत मिळवलं, हे छापायला तिची परवानगी घेतलेली नाही.

त्या लाल-हिरव्या रंगाचं कोडं मला सुटेना म्हणून आणखी वाचलं. त्या फिक्या गोळ्यांना अमायलॉइड म्हणतात. नाव फिरखो या जर्मन वैद्याचं, १८५४ चं, अर्थ "पिष्टासारखं". आयोडीन लावलं की ते पिष्टासारखा रंग धरायचं म्हणून त्याला तसं वाटलं. प्रत्यक्षात ते प्रथिन निघालं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आणि त्याला रंगवणारा जो लाल रंग, त्याचं नाव काँगो रेड. इतिहासाच्या शिक्षकाचे कान टवकारणार नाहीत तर काय! १८८३ मध्ये बटिगर नावाच्या जर्मन रसायनज्ञानं कापड रंगवायला तो तयार केला. १८८४-८५ मध्ये बर्लिनला युरोपातली राष्ट्रं आफ्रिकेचे लचके तोडायला परिषद भरवून बसली होती. वर्तमानपत्रांत रोज काँगो, काँगो. रंग बाजारात आणणाऱ्या कंपनीनं ते गाजतं नाव रंगाला देऊन टाकलं. काँगो देशाचा त्या रंगाशी एवढाच संबंध. ही परिषद मी नववीला वर्षानुवर्षं शिकवली, नकाशावर रंगीत खडूनं वाटण्या करून दाखवल्या. तिचं नाव आपल्या भाचीच्या जबड्यातल्या तुकड्याला लागेल असं कधी वाटलं नव्हतं. १९२२ पासून हा रंग अमायलॉइड ओळखायला वापरतात. विशिष्ट प्रकाशात तो हिरवा चमकतो, तेच आम्ही पाहिलं. आणि भाचीच्या गाठीतलं ते प्रथिन नेमकं कुठलं याचा उलगडा व्हायला २००३ साल उजाडलं. ते दात घडवणाऱ्या पेशींचंच एक प्रथिन निघालं. कांद्याच्या चकतीसारख्या वलयांचं नाव लीझेगांग वलयं, तेही एका जर्मन माणसाचं, फोटोग्राफीच्या रसायनांशी खेळताना १८९६ मध्ये त्याला ती दिसली. किती जणांची नावं एका एवढ्याशा तुकड्यात! भाचीचं सोडून सगळ्यांची.

इथपर्यंत माझी हौस होती. वाचनाचा वेग बेताचा, कारण मराठी माध्यमाचा बी.ए. आणि मांडीवर शब्दकोश. नातू लेख शोधून छापून द्यायचा. पिंडबोर्ग यांनी दंतवैद्यांच्या जुन्या चित्रांवर एका सहकाऱ्याबरोबर पुस्तक केलं आहे, हेही त्यानंच शोधलं. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांना जत्रेत दात उपटणारा वैदू फार आवडायचा. असा रसिक माणूस आहे म्हटल्यावर माझं मन आणखी बसलं. मी नातवाला म्हटलं, या माणसानं आणखी काय काय लिहिलंय त्याची यादी काढ.

यादी आली. लांबलचक होती. आणि तिच्यात जागोजागी हिंदुस्थान.

लखनौ. दहा हजार माणसांची तोंडं तपासून पांढरे डाग मोजले, १९६७ चा लेख. मुंबई. टाटांच्या कर्करोग संशोधन संस्थेतल्या डॉ. सत्यवती सिरसाट यांच्याबरोबर १९६६ चा लेख, सुपारीनं तोंड आखडत जातं त्या रोगावर. त्या रोगाची त्यांनी केलेली व्याख्या अजूनही पुस्तकांत देतात. मग आणखी मोठं काम. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे जिथं अणूंचा अभ्यास चालतो असं आपण समजतो तिथं, दंतसंशोधनाचाही एक विभाग होता. डॉ. फली मेहता त्याचे प्रमुख. मेहता, पिंडबोर्ग, प्रकाश गुप्ता, दफ्तरी अशा मंडळींनी १९६६-६७ मध्ये पाच जिल्ह्यांतल्या ५०,९१५ खेडुतांची तोंडं घरोघर जाऊन तपासली: भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, सिंगभूम, दरभंगा. श्रीकाकुलमकडे बायका चिरूट पेटलेलं टोक तोंडात धरून ओढतात, ते मला या लेखावरून कळलं.

हा डेन्मार्कचा माणूस आमच्या देशातल्या तोंडांमागं का लागला असेल? कारण उघड होतं. युरोपात तोंडाचा कॅन्सर थोडा, आपल्याकडे भरमसाट. नाना तऱ्हेनं तंबाखू खाणारी, चघळणारी, घासणारी, ओढणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत वेगवेगळी. कुठल्या सवयीतून काय होतं ते ताडून पाहायला यापेक्षा मोठी शाळा जगात नव्हती. आणि तो पांढरा डाग हा कॅन्सरच्या आधीचा निरोप असू शकतो, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. पुढं १९७७ पासून त्याच लोकांनी केरळ, गुजरात आणि आंध्रातल्या ३६,००० तंबाखूवाल्यांना वर्षानुवर्षं समजावून, सिनेमे दाखवून, घरी जाऊन सांगून पाहिलं. काहींनी सोडली, काहींनी कमी केली, आणि त्या गावांत डाग कमी झाले. १९८६ मध्ये ते छापून आलं. नुसतं सांगूनसुद्धा होतं, असा त्याचा अर्थ. माझ्यासारख्या सांगण्यावर पोट भरलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटायला हवं होतं.

पण यादीत त्याच्या वर एक ओळ होती. १९७२. मेहता, गुप्ता, दफ्तरी, पिंडबोर्ग, चोकसी. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांच्या तोंडांची पाहणी. जिल्हा पुणे.

मी नातवाला म्हटलं, पुन्हा वाच.

पुणे जिल्हा. पंधरा वर्षांवरची माणसं, घरोघर. दंतवैद्य दारात जाऊन "आ करा" म्हणणार, सवयी विचारणार, कागदावर उतरवून घेणार. आणि या जिल्ह्यात खास काय सापडलं? मिसरी. तपासलेल्या दर दहा बायकांत जवळजवळ चौघी मिसरी लावणाऱ्या. पुरुषांत शंभरात एकही धड नाही.

१९७२ म्हटलं की आमच्या पिढीला दुष्काळ आठवतो. सुकडी, खडी फोडायची कामं, लाल ज्वारी. माझी नोकरी त्याच वर्षी लागली. त्या साली परदेशातल्या एका मासिकात आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या बायकांची मिसरी छापून येत होती, हे कुणाच्या गावी असायचं? छापून आलं १९७२ मध्ये, म्हणजे दारोदार फिरणं त्याआधीचं. म्हणजे आईच्या गालातला तो डाग पांढरा होता, आणि मग लाल होत गेला, त्याच काळाच्या आसपासचं. आमच्या घरातून नीरा दिसायची. उन्हाळ्यात तर गुडघाभर पाण्यातून चालत पलीकडे जाता यायचं. आम्ही पोरं पोहायला पलीकडे जायचो, आई मेथी-कोथिंबीर विकायला जायची.

जिल्ह्याची हद्द नदीच्या मध्यातून जाते. इतिहास-भूगोलाच्या तासाला हद्द या शब्दाचा अर्थ मी कितीदा फळ्यावर लिहिला असेल.

आता कुणी म्हणेल, मास्तर, एक लाख माणसं तपासली म्हणजे जिल्ह्यातलं प्रत्येक गाव तपासलं असं थोडंच आहे? बरोबर आहे. आणि डाग ओळखला असता तरी आईनं मिसरी सोडली असती का? तेही मला माहीत नाही. तिचा स्वभाव पाहता, तपासणाऱ्या डॉक्टरांना तिनं चहा दिला असता आणि ते गेल्यावर डबी काढली असती. पण मी आणली नसती. एवढं मात्र मी खात्रीनं सांगू शकतो. कुणीतरी शिकलेल्या माणसानं माझ्यासमोर आईला आ करायला लावून, हा डाग या पुडीमुळे आहे, असं एकदा म्हटलं असतं तर मी ती पुडी आणली नसती.

माझा पिंडबोर्ग यांच्यावर राग नाही. उलट, मी हिशेब मांडून पाहतो तेव्हा थक्क होतो. ज्या गाठीला त्यांचं नाव लागलं ती दोन दशकांत जगभरात ११३ जणांना झालेली सापडली. आणि ज्या रोगासाठी ते आमच्या खेड्यांच्या कामात वर्षानुवर्षं राहिले, त्याला त्यांचं नाव नाही. तिथं एका जिल्ह्यातच लाखावर तोंडं. १९९५ मध्ये ते वारले. शेवटच्या वर्षांत एड्सच्या रोग्यांच्या तोंडात काय काय दिसतं त्याची वर्गवारी लावायच्या कामात होते. म्हणजे तेव्हाही "आ करा" चालूच.

बहिणीला हे सगळं सांगायला मी मुद्दाम तिच्या घरी गेलो. छापलेला कागद दाखवला. तिला इंग्रजी येत नाही, पण आकड्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "यात आपल्या पलीकडची गावं?" मी म्हटलं, "जिल्हा तोच." ती थोडा वेळ कागद बघत राहिली. मग म्हणाली, "आणि त्याच माणसानं आपल्या पोरीची गाठ ओळखली?"

मी म्हटलं, त्यानं नाही गं, दंतमहाविद्यालयातल्या बाईंनी. तो जाऊन बावीस वर्षं झालेली.

"तेच ते," ती म्हणाली आणि कागदाची घडी घालून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. मला तो परत हवा होता, दुसरी प्रत नव्हती. पण मागितला नाही. नातवाला सांगून पुन्हा छापून घेतला, रंगीत शाईचे पैसे वेगळे.

भाचीचा पुढचा एक्स-रे पुढच्या जूनमध्ये आहे. आणि आमच्या गावातल्या, वाड्यावस्त्यांवरच्या ज्या नातलगांकडे अजून तवा तापतो, त्यांची नावं मला माहीत आहेत. दिवाळीला येतोय. बॅटरी घेऊन येतोय.